कापगते बाईंची सपाट रेघ

आमच्या केंद्रातल्या बारा शाळांत पहिलीचा वर्ग कोणी घ्यायचा यावर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. पहिली नेहमी सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडायची, नाहीतर बदलीवर आलेल्या आणि गावात कोणाशी ओळख नसलेल्या बाईच्या. नाकं पुसायची, चड्डीच्या नाड्या बांधायच्या, रडणाऱ्याला खिडकीजवळ बसवायचं. ज्येष्ठ मंडळी सातवी घ्यायची आणि खुर्चीवर बसायची.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या जूनमध्ये मात्र बाजारगावच्या शाळेतले पटले सर सेवाज्येष्ठतेची यादी घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"हटवार सर, तुम्ही केंद्रप्रमुख आहात म्हणून सांगतो. तेवीस वर्षं सातवी शिकवली. आता पहिली-दुसरी मला पाहिजे. हक्क आहे जी माझा."

"पटले सर, पहिलीची मुलं तुमच्या मिशा ओढतील."

"ओढू द्या. ठसा तर पहिलीतच उमटते ना!"

हा ठसा म्हणजे काय, ते आधी सांगतो.

राज्यातल्या सगळ्या शाळांत कागदी वह्या जाऊन इलेक्ट्रॉनिक पाट्या आल्या, त्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. मूल पाटीवर लिहितं तेव्हा पाटी फक्त उत्तर साठवत नाही. लेखणी कधी टेकली, किती दाबली, कुठे अडखळली, कोणता आकडा आधी लिहिला, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवते. कोट्यवधी मुलांच्या नोंदी साठल्यावर काही संशोधकांना त्यात एक गोष्ट दिसली. एकाच शिक्षकाकडे वजाबाकी शिकलेली मुलं पुढे मोठी होतात, वेगवेगळ्या गावी जातात, कोणी डॉक्टर होतो, कोणी ट्रॅक्टर चालवतो. पण वजाबाकी करताना त्यांची लेखणी त्याच जागी तेवढ्याच वेळासाठी थबकते. माणूस दोन वाक्यं बोलला की हेल ऐकून आपण त्याचा तालुका ओळखतो, तसंच हे. त्या थबकण्यांच्या नक्षीवरून यंत्र सांगू लागलं की या माणसाला वजाबाकी कोणी शिकवली.

तोपर्यंत शिक्षकांच्या पगाराचा विषय निघाला की वित्त विभागाचं एकच उत्तर असायचं. पूल बांधला तर पूल दिसतो, शिक्षकाने काय बांधलं ते दाखवा. आता दाखवता येऊ लागलं. सरकारने ठसा वेतन योजना आणली. ज्याचा ठसा माजी विद्यार्थ्यांत स्पष्ट सापडेल, त्याला पूर्ण वेतनश्रेणी आणि वर भत्ता. कंत्राटी शिक्षक असेल तर कायम नेमणूक. आणि ज्याचा ठसा तीस टक्क्यांहून कमी मुलांत सापडेल, त्याचं कंत्राट मार्चअखेर संपेल.

आम्ही पेढे वाटले होते. मीही खाल्ले. शिक्षकाच्या कामाला किंमत आहे हे अखेर एखाद्या यंत्राने तरी मान्य केलं, असं वाटलं.

बोडीटोल्याच्या शाळेत मोनाली कापगते सोळा वर्षं कंत्राटावर पहिली-दुसरी शिकवत होत्या. तलावाकाठचं गाव. बहुतेक घरं ढिवरांची, मासेमारी करणारी, थंडीत तलावातून शिंगाडे काढणारी. बाईंचं मानधन सोळा वर्षांत दोनदा वाढलं होतं. त्या काळात तिथल्याच ग्रामपंचायतीच्या पंपचालकाचं त्यांच्याहून अधिक झालं होतं, आणि तो कोणाला काही शिकवतही नव्हता.

बाईंच्या वर्गाविषयी मला खात्री होती. त्यांची मुलं तिसरीत गेली की तिसरीचे शिक्षक सुटकेचा निःश्वास सोडायचे. त्यामुळे सप्टेंबरात अहवाल आला तेव्हा मी तो उघडूनही पाहिला नाही, सरळ घेऊन शाळेत गेलो. बाईंनी पाकीट उघडलं. वाचलं. परत घडी घालून माझ्यापुढे धरलं.

एक्केचाळीस माजी विद्यार्थी तपासले. ठसा आढळला: शून्य. शेरा: विद्यार्थी स्वयंशिक्षित असण्याची शक्यता.

"काहीतरी चूक असेल," मी म्हणालो.

"चूक नसेल सर," बाई म्हणाल्या. "माझी एक पद्धतच नाही. मी मुलांपुढे शिंगाडे ठेवते. बावन्न आहेत, अडतीस विकले, किती उरले? तू कसं काढशील? आणि मग गप्प बसते. कोणी मागे मागे मोजतं, कोणी दहा-दहाचे ढीग मोडतं, कोणी अडतीसवरून पुढे चढत जातं. ज्याला सापडलं तो उभा राहून दुसऱ्यांना सांगतो, मी खाली बसून ऐकते. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस तऱ्हा. यंत्र सारखेपणा शोधतं. तो माझ्याकडे कुठून सापडणार?"

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या. पण पाकीट पर्समध्ये ठेवताना त्यांच्याकडून पर्सची चेन दोनदा चुकली.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पालकसभेत एक जण म्हणाला, "बाई, मशीन तर म्हणते पोट्टे आपोआपच शिकले. मग तुम्ही इतकी वर्षं काय केलं जी?" लोक हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. म्हणूनच ते अधिक लागलं असावं.

दिवाळीच्या सुट्टीत बाई दरवर्षी तालुक्याला शिंगाड्याच्या पिठाच्या कारखान्यात पॅकिंगला जायच्या. मानधनात दिवाळी होत नसे. त्या वर्षी मी पीठ आणायला गेलो तेव्हा त्या डोक्याला जाळी बांधून पिशव्या सील करत होत्या. तिथला सुपरवायझर लोकेश वलथरे, वय बावीस, त्यांचाच विद्यार्थी. यंत्राने तपासलेल्या एक्केचाळिसांपैकी एक.

"बाई, तुम्ही बसा ना, मी करतो," तो म्हणत होता.

"तू सुपरवायझर आहेस लोकेश. तू उभा राहून ओरडायचं असतं."

"तुमच्यावर कसा ओरडू?" मग तो माझ्याकडे वळला. "सर, मशीनने मला लिहून दिलं, मी आपोआप शिकलो. घरी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, अबे, तुला डोंगा वल्हवणं आपोआप नाही आलं, चारदा तलावात पडला. वजाबाकी बरी आपोआप आली!"

बाई हसल्या. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी सानवी लेबलं चिकटवत होती. बारावी झालेली. शिक्षिका व्हायचं म्हणून तिने डीएडचा अर्ज भरून ठेवला होता. ती हसली नाही.

"सर, त्या यादीत मीपण होते," ती म्हणाली. "मी आईच्याच वर्गात शिकले, आईच्याच घरी वाढले. माझ्यातही आई सापडली नाही. अर्ज मी मागे घेतला. सोळा वर्षं राबायचं आणि पोटच्या पोरीतही सापडायचं नाही, मग लेबलं चिकटवणं काय वाईट? पिशव्या मोजता तरी येतात."

बाईंच्या हातातली पिशवी सीलखाली जास्त वेळ राहिली आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. लोकेशने ती पिशवी बाजूला ठेवली.

पटले सरांना तोवर पहिली-दुसरी मिळाली होती. यंत्राला काय हवं ते त्यांनी बरोबर ओळखलं. हातचा घेण्याआधी लेखणी दोनदा पाटीवर आपटायची, मोठ्याने "घेतला" म्हणायचं, मग लिहायचं, असं त्यांनी बसवलं. टक, टक, घेतला! चालू वर्षाच्या मुलांची चाचणी जानेवारीत होणार होती आणि तिचेही गुण धरणार होते. हळूहळू केंद्रातल्या सगळ्या शाळांतून टकटक ऐकू येऊ लागली. कोणी टाळी लावली, कोणी कानाची पाळी धरायला लावली. प्रत्येकाला आपला ठसा वेगळा हवा होता.

डिसेंबरात मी बोडीटोल्याला गेलो. व्हरांड्यातच ऐकू आलं: टक, टक.

आत कापगते बाई फळ्यापुढे उभ्या होत्या. मी त्यांना वर्गात असं उभं क्वचितच पाहिलं होतं. शिंगाड्यांची टोपली कपाटावर गेली होती. मुलं ओळीत बसून लेखण्या आपटत होती. मला बोलायचा अधिकार होता, पण तोंड नव्हतं.

तीन आठवड्यांनी बाईंचाच फोन आला. "सर, मी ते बंद केलं."

"का?"

"लोकेशची पुतणी आहे ना, रिधिमा, दुसरीत. बावन्नातून अडतीस दिले. तिने दोनदा आपटलं, 'घेतला' म्हणाली, आणि लिहिले सव्वीस. आठातून दोन, पाचातून तीन, झालं. चूक व्हायला हरकत नाही. आधीही व्हायची. पण आधी ती आकड्याकडे बघत बसायची आणि मग स्वतःच ओरडायची, बाई, हे जास्त झालं! काल तिने सव्वीस लिहून मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. बरोबर आहे का, ते माझ्या तोंडावर शोधत होती." बाई पुढे म्हणाल्या, "शिंगाडे परत खाली काढले. मार्चमध्ये जायचं ते जाईन."

"अपील करा," मी म्हणालो. "नियमात आहे."

"कशाच्या जोरावर?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण अपिलासाठी केंद्रप्रमुखाने वर्गाचं निरीक्षण करायचं असतं आणि मूळ नोंदी पाहायच्या असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी रिधिमाच्या शेजारी, तिच्या मापाच्याच बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

बाईंनी प्रश्न विचारला. त्रेसष्टातून सत्तावीस. रिधिमाने लेखणी हातात धरली आणि काहीच केलं नाही. नजर टोपलीवर. तिला कोपराने ढोसावं असं मला वाटलं, पस्तीस वर्षांची सवय आहे ती. पण बाई खाली बसून शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. घाई नाही, कपाळावर आठी नाही. जणू त्यांच्याकडे दिवसभराचा वेळ होता. मग रिधिमाच्या ओठांची हालचाल झाली आणि तिने थेट लिहिलं: छत्तीस.

"कसं गं?" मी विचारलं.

"सत्तावीसला तीन दिले, तीस झाले. मग तेहतीस पाहिजे. ते तीन आणि हे तेहतीस."

त्या दुपारी कार्यालयात मी तिची मूळ नोंद उघडली. पडद्यावर लेखणीच्या हालचालींची वरखाली जाणारी रेघ होती. सुरुवातीला मात्र लांबलचक सपाट रेघ, बारा सेकंदांची. तिच्यावर यंत्राने करडा रंग मारला होता आणि बाजूला लिहिलं होतं: विद्यार्थी निष्क्रिय, भाग वगळला.

नियमावली काढली. चार सेकंदांहून लांब थांबा आला की मुलाचं लक्ष उडालं असं धरायचं आणि तेवढा भाग मोजणीतून कापायचा. यंत्र बनवणाऱ्यांना ते साहजिक वाटलं असणार. शाळेत मूल बारा सेकंद गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं. बारा सेकंद कोण बसू देतं? आपण प्रश्न विचारतो, मनात एक-दोन म्हणतो आणि पुढच्या मुलाकडे बोट दाखवतो. मीही तेच करत आलो.

मग मी एक्केचाळीस माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकेक करून उघडल्या. लोकेश: सुरुवातीला सपाट रेघ, अकरा सेकंद. सानवी: तेरा. कोणी पुण्यात संगणकावर काम करणारी, कोणी तलावावर जाळं टाकणारा, कोणी अर्धवट शाळा सोडलेला. एक्केचाळिसांपैकी अडतीस जणांच्या लेखणीने पाटीला टेकण्याआधी नऊ ते चौदा सेकंद वाट पाहिली होती. पटले सरांच्या साठ विद्यार्थ्यांत अशी रेघ एकालाही नव्हती.

ठसा होता. यंत्राने तो कचरा म्हणून टाकून दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी धावतच बोडीटोल्याला गेलो. बाईंना रेघा दाखवल्या. सानवीच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग माझ्या मनात एक वेगळीच भीती आली आणि मी ती बोलून बसलो. "बाई, हे समितीला कळवलं तर काय होईल, विचार करा. उद्या पटले सर मुलांना बारा आकडे मोजायला लावून गप्प बसवतील. शाळाशाळांतून थांबण्याची कवायत सुरू होईल. तुमची ही एवढी नाजूक गोष्ट... तिचं मोल होऊच शकत नाही हो. ती मोजमापाच्या पलीकडची आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या.

"सर, हे वाक्य मला सोळा वर्षं पगाराऐवजी मिळतंय. दर शिक्षकदिनी मिळतं, नारळासोबत. तुमच्या कामाचं मोल होऊ शकत नाही. का होऊ शकत नाही? डॉक्टर जीव वाचवतो, त्याला असं कोणी म्हणतं? तो बिल देतो आणि लोक पाया पडून भरतात. मोल करता येत नाही म्हणून आमचं शून्य धरायचं, हा कुठला हिशोब?"

मी खिशातून पेन काढलं.

"लोकांना करायची तर करू द्या कवायत," त्या म्हणाल्या. "बारा सेकंद खोटंखोटं गप्प बसवलं तरी चाळिसातलं एखादं मूल त्यात खरंच विचार करून टाकेल. पाठवा कागद. मला कायम व्हायचंय. मला दिवाळीत घरी बसायचंय."

फेब्रुवारीत नागपूरला विभागीय ठसा समितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्ष देशकर साहेब शांत, अभ्यासू गृहस्थ होते. त्यांनी रेघा पाहिल्या, चष्मा काढला, पुसला.

"बाई, मला समजून घ्यायचंय. तुम्ही प्रश्न विचारता आणि मग गप्प बसता. मुलंही गप्प बसतात. शासनाने नेमका कशाचा पगार द्यायचा? गप्प बसण्याचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. टेबलावर समितीची पाटी होती. ती त्यांनी साहेबांपुढे सरकवली आणि वर लिहिलं: चारशे तीन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर.

"साहेब, तुम्ही कसं कराल?"

देशकर हसले. लेखणी उचलून त्यांनी ताबडतोब सुरुवात केली. "तीनातून आठ जात नाहीत. शेजारी हातचा मागायला गेलो तर तिथे शून्य, म्हणून पलीकडे..."

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. चूक-बरोबर काही चेहऱ्यावर नव्हतं. होता तो रिधिमाच्या वाट्याला येणारा निवांतपणा. देशकरांचा आवाज हळू होत थांबला. त्यांनी लिहिलेलं पुसलं. लेखणी हातात तशीच राहिली. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. समितीच्या एका सदस्याने खाकरून काही बोलायचा प्रयत्न केला, पण बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"थांबा," देशकर म्हणाले. "एकशे अठ्ठ्याहत्तरला बावीस दिले की दोनशे. चारशे तीनमधून दोनशे गेले, उरले दोनशे तीन. त्यात ते बावीस परत. दोनशे पंचवीस." त्यांनी उत्तर लिहिलं आणि मान वर केली. "हातचा लागलाच नाही! पण हे... हे मला कोणी शिकवलं नव्हतं."

"नाही ना?" बाई म्हणाल्या.

पाटीने सवयीप्रमाणे निकाल दाखवला. साहेबांच्या नावापुढे करड्या रंगाची पट्टी आली. देशकरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"विद्यार्थी निष्क्रिय, अकरा सेकंद. भाग वगळला."

खोलीत कोणी हसलं नाही. साहेब त्या पट्टीकडे बघत राहिले.

"तोच भाग मी शिकवते साहेब," बाई म्हणाल्या. "त्याचा पगार द्या."

देशकरांनी कागद ओढून शेरा लिहिला. बाई जागच्या उठल्या नाहीत. "नक्कल द्या," त्या म्हणाल्या, "आणि जावक क्रमांक टाकून द्या." सोळा वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाला एवढं कळतंच.

बाईंच्या कायम नेमणुकीचा आदेश मार्चच्या अखेरच्या आठवड्यात आला. चार सेकंदांचा नियम राज्यभर रद्द झाला. पुढच्या जूनपासून, मी म्हटलं होतं तसंच, शाळांतून कवायत सुरू झाली. पटले सर मुलांना बोटांवर बारा मोजायला लावतात. मी निवृत्त झालो तरी अधूनमधून त्यांच्या वर्गात जाऊन बसतो. मागच्या महिन्यात त्यांच्या एका मुलीने नऊवरच मोजणं सोडलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि अचानक उत्तर लिहिलं. पटले सर "बारा पूर्ण कर" म्हणणार होते. मी त्यांचा दंड धरला.

दिवाळीच्या आधी बोडीटोल्याला गेलो होतो. बाईंचा फोन वाजला. लोकेश होता, स्पीकरवर.

"बाई, शिंगाडा जोरात आलाय. माणसं कमी पडतात. यंदा येता का पॅकिंगला?"

बाई टोपलीतले शिंगाडे दहा-दहाच्या ढिगांत लावत होत्या. बाजूला सानवी बसली होती. तिच्या पिशवीतून डीएडच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक डोकावत होतं.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "यंदा मला सुट्टी आहे."